चला सहलीला : दापोलीला राहुटीतले तीन दिवस

शाळेला सुट्टी लागली की आपल्या वस्तीतली मुले एक तर गावी जातात, नाहीतर चाळीच्या बोळातच दिवस काढतात. समुद्रकाठी चार दिवस राहणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. हॉटेलचा खर्च झेपत नाही हे खरेच. पण ताडपत्री, दोर आणि खुंट्या यांना कितीसे पैसे लागतात? दोन-तीन कुटुंबे एकत्र आली तर हे सहज जमते.

जायचे कुठे? रत्नागिरी जिल्ह्यातली दापोली पाहा. इंग्रजांची लष्करी छावणी होती म्हणून जुनी माणसे तिला ‘कॅम्प दापोली’ म्हणत. पलटणीतून पेन्शनीत निघालेले पुष्कळ शिपाई इथे राहिले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ मुलाबाळांसह दापोलीतच होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. गाव डोंगरपठारावर, खाली मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णे, आंजर्ले असे किनारे, मधे झाडी आणि खाडीला मिळणाऱ्या नद्या. मुलांना एकाच सहलीत सगळे दिसते.

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली. खेड स्टेशनला उतरून पुढे एस.टी. धरावी. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवास हलका होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात तंबूचे नावही काढू नये.

राहुटी कुठे ठोकावी, यावर सगळे अवलंबून आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि रोजची वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी फार वर चढते. किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ, शिंपल्यांची रेघ दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेले असते. त्या रेघेच्या पुष्कळ वर राहावे. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू मऊ लागते, पण तिथे झोपू नये. नारळाच्या झाडाखालीही नको. सर्वांत चांगले म्हणजे गावात विचारून कुणाच्या खळ्यात किंवा वाडीत राहुटी टाकावी. विहीर आणि संडास जवळ मिळतो. लेकीबाळी बरोबर असताना ही सोय आधी बघायची, समुद्राचा देखावा नंतर.

पाण्यात उतरताना मुलांना गुडघ्याच्या पुढे जाऊ देऊ नये. ओहोटीचे पाणी आत ओढते. किनारा सपाट दिसला तरी खड्डे असतात. कुठे उतरावे हे कोळी बांधवांना विचारावे. त्यांचा शब्द शेवटचा मानावा. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे बघत उभे राहायचे. त्या वेळी गप्पा नाहीत आणि मोबाईलही नाही.

हिवाळ्यात या किनाऱ्यांवर कासविणी रात्री अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी 2002 पासून त्यांचे संरक्षण चालू आहे. वाळूत शेकोटी पेटवू नये, बॅटरीचे झोत टाकू नयेत. उजेडाने कासविणी परत फिरतात आणि पिल्ले वाट चुकतात.

कोकणात फुरसे, घोणस आणि विंचू आहेत. भिऊ नये, पण जमिनीवर अंथरूण टाकण्याआधी ते झटकावे, बूट-चपला पालथ्या करून मगच घालाव्यात. साप चावला तर आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. तो अवयव हलू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचले. मंत्राने वाचले असते तर डॉक्टरांना ही खटपट कशाला करावी लागली असती?

एक दिवस पन्हाळेकाजीसाठी ठेवा. कोटजाई नदीच्या काठी, झाडीत 29 लेणी आहेत. सुरुवातीला ती बौद्ध भिक्खूंची होती. पुढे वज्रयान आणि त्यानंतर नाथपंथी इथे आले. एकाच डोंगरात हजार वर्षांचा इतिहास मुलांना बोटाने दाखवता येतो. लेण्यात चूल मांडू नये, भिंतीवर नावे कोरू नयेत. भिक्खूही पावसाळ्यात अशाच निवाऱ्याला थांबत, हे मुलांना सांगा.

शेवटची गोष्ट बंधूंसाठी. घरी राबणारी बाई तिथेही तीन दगडांच्या चुलीपुढेच बसली, तर तिची सुट्टी कुठली? पाणी पुरुषांनी आणावे, भात मुलांनी निवडावा, भांडी पाळीने घासावीत. तिला एक संध्याकाळ नुसते बसून सूर्य बुडताना बघू द्या. निघताना राहुटीची जागा झाडून, कचरा पिशवीत भरून आणा. ज्यांच्या खळ्यात राहिलो, त्यांनी पुढच्या वर्षी आपल्या माणसांना आनंदाने जागा द्यावी, एवढे जपले तरी सहल सार्थकी लागली.