प्रयोजन आधीं, यंत्र मागाहून

गेल्या पंधरवड्यांत एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा यंदां कला-महाविद्यालयांत दाखल झाला असून, ज्याला हल्लींचीं मुलें डिझाइन आणि व्हिडिओ एडिटिंग म्हणतात, तें काम त्याला शिकावयाचें आहे. गृहस्थांच्या हातांत राजारामपुरींतील दुकानांतून गोळा केलेलीं सहा जाहिरातपत्रें होतीं. तीं आमच्यापुढें पसरून ते म्हणाले, "गुरुजी, सत्तर हजारांच्या वर एक रुपयाहि मजजवळ नाहीं. यांतला कोणता लॅपटॉप घ्यावा तेवढें बोट ठेवून सांगा, म्हणजे मी सुटलों."

आम्हीं त्यांना चहा दिला. बोट मात्र कोठेंच ठेवलें नाहीं. अशा प्रश्नाचें तत्काळ उत्तर आम्हीं चार वर्षांपूर्वीं एकदां दिलें होतें, आणि त्या घाईचा दंड आमच्याच घरांतील एका मुलीला भरावा लागला. ती हकीकत त्या दिवशीं त्यांना सांगितली. तीच आज वाचकांना सांगतों.

मुलगी आमच्या भाचीची. तिला हाच अभ्यास करावयाचा होता. भाचीच्या यजमानांनीं एक मुदतठेव मोडून बावन्न हजार रुपये उभे केले, आणि घरांतील वडील माणूस म्हणून दुकानांत आम्हांला पुढें केलें. आम्हीं काय पाहिलें? वजन हलकें आहे ना, अंग पातळ आहे ना, आणि किंमत ठरल्या रकमेंत बसते ना. विक्रेत्यानें 'आय फाइव्ह' हा शब्द उच्चारला, तो आम्हीं मंत्रासारखा ऐकून घेतला. मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, आमचे सर सोळा जीबी रॅम घ्या म्हणत होते." आम्हीं म्हटलें, "आठांत काय अडणार आहे? पुढें लागली तर वाढवूं." यंत्र घरीं आलें, त्याला हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला, आणि आपण मोठेंच कार्य तडीस नेलें अशा समाधानांत आम्ही राहिलों.

पुढें खरोखरच वाढवावयास गेलों तेव्हां कळलें कीं, त्या यंत्रांतील रॅम मदरबोर्डावर डाख लावून कायमची बसविलेली होती. नवी घालण्यास खांचच नव्हती. त्याहून मोठा प्रसंग पुढेंच होता. मुलीला पैसे मिळवून देणारें पहिलें काम आलें तें एका लग्नपत्रिकेचें. तिच्या पडद्यावर कुंकवाचा लाल रंग फिका दिसे, म्हणून तिनें तो दोनतीनदां गडद केला. पांचशें पत्रिका छापून आल्या तेव्हां तो रंग वाळल्या आमसुलासारखा काळपट उतरला होता. वधुपक्षानें पत्रिका घेतल्या नाहींत. दुसऱ्या छपाईचे पैसे मुलीनें लहान मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या करून फेडले. आम्हांला ती एका शब्दानेंहि बोलली नाहीं, आणि त्या न बोलण्यामुळेंच आम्ही उतारवयांत या विषयाच्या अभ्यासाला बसलों.

संस्कृतांत कोणत्याहि शास्त्रग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी निश्चित करण्याची रीत आहे: अधिकारी कोण, विषय काय, संबंध कसा आणि प्रयोजन कोणतें. या चार अनुबंधांवांचून ग्रंथ उघडूं नये असें आम्ही विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलों. परंतु बावन्न हजारांची वस्तु घेतांना त्यांतील एकहि प्रश्न आम्हीं विचारला नव्हता. यंत्र वापरणार मुलगी, आणि निवड करणारे आम्ही! अधिकारी कोण, येथेंच पहिली चूक झाली.

वास्तविक आपल्या कोल्हापुरानें या बाबतींत एक थोर धडा घालून दिलेला आहे. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलतभावांना चित्रपट काढण्याची ओढ लागली, तेव्हां परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहतां त्यांनीं तो स्वतः बनविण्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें तें काम पुरें केलें, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालीं लोकांपुढें आला. ज्याला यंत्र घडवावयाचें असतें त्याला त्यांतील प्रत्येक चाकाचें प्रयोजन ठाऊक असावें लागतें. विकत घेणाऱ्याला तें ठाऊक नसलें तरी चालतें अशी आपली समजूत असते, आणि तेथेंच आपण फसतों.

म्हणून पहिला प्रश्न प्रयोजनाचा. या कामाचे स्थूलमानानें तीन प्रकार आहेत. पत्रिका, जाहिराती, पुस्तकांचीं मुखपृष्ठें हें स्थिर चित्रांचें काम. त्याला खरा रंग दाखविणारा पडदा आणि पुरेशी रॅम लागते, बलाढ्य ग्राफिक्स कार्डाची फारशी गरज नसते. दुसरें चित्रफितींच्या संकलनाचें काम. त्याला चांगला प्रोसेसर, रॅम, भरपूर सांठवण आणि मध्यम प्रतीचें ग्राफिक्स कार्ड हवें. तिसरें त्रिमिति आकृति व सचेतन चित्रें करण्याचें काम. तेथें मात्र ग्राफिक्स कार्ड हाच कर्ता, आणि त्याची स्वतःची रॅम निदान सहा जीबी असावी. जो मुलगा पत्रिका आणि मुखपृष्ठें करणार आहे, त्याला खेळांसाठीं काढलेला दणकट लॅपटॉप घेऊन दिला आणि त्याचा पडदा फिका निघाला, तर पैसा जास्त जाऊन काम बिघडलेलेंच राहील.

दुसरा विचार आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पैसे मोजकेच असतील तेव्हां, जें पुढें बदलतां येणार नाहीं त्यावर ते आधीं खर्चावे. जें मागाहून वाढवितां येतें तें थोडें कमी असलें तरी निभतें. लॅपटॉपांतील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड सामान्यतः बदलतां येत नाहींत. पडदाहि जन्माचा सोबती. फार तर पुढें वेगळा मॉनिटर जोडतां येईल. रॅम कांहीं यंत्रांत खांचेंत बसते, कांहींत डाखलेली असते. खांच असेल तर आज सोळा जीबी घेऊन पुढें बत्तीस करतां येतील. खांच नसेल तर जी आज घ्याल तीच अखेरपर्यंत. एचडी चित्रफितींच्या संकलनाला सोळा जीबी रॅम असावी आणि फोर-के चित्रफितींना बत्तीस असलेली बरी, असा साधारण दंडक आहे. ॲपलच्या मॅकबुक एअरला २०२४ च्या ऑक्टोबरपासून किमान सोळा जीबी मिळूं लागली आणि त्याचा पडदाहि रंगाला उत्तम. परंतु त्यांतील रॅम किंवा सांठवण घरीं आणल्यावर वाढत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

पडद्याविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण आमची पत्रिका तेथेंच बुडाली. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकांत पुष्कळदां '४५ टक्के एनटीएससी' असें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. याचा अर्थ असा कीं, संगणकावरील चित्रांसाठीं जी एसआरजीबी नांवाची रंगमर्यादा प्रमाण मानतात, तिच्यांतील सुमारें दोन-तृतीयांशच रंग तो पडदा दाखवूं शकतो. उरलेले रंग, विशेषतः भडक लाल आणि हिरवे, त्यावर म्लान होऊन दिसतात. '१०० टक्के एसआरजीबी' असें लिहिलेलें असेल तोच पडदा रंगाच्या कामाला घ्यावा. मात्र सगळा दोष यंत्राच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. पडदा प्रकाशाच्या तीन रंगांनीं चित्र दाखवितो, छापखाना शाईच्या चार रंगांनीं तें उठवितो. दोन्हींचा मेळ पूर्णपणें कधींच बसत नाहीं. पांचशें प्रती काढण्यापूर्वीं एक नमुनाप्रत छापून पाहिली असती, तर फिक्या पडद्याची लबाडी त्याच दिवशीं उघड झाली असती.

आतां सांठवणीचा हिशेब करूं. कॅमेरा सेकंदाला शंभर मेगाबिट या मानानें चित्रण करीत असेल, तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला पंचेचाळीस जीबी होतात. ५१२ जीबीच्या एसएसडींत, विंडोज आणि इतर सॉफ्टवेअरची जागा वजा जातां, अशा चित्रणाचे दहा तासहि मावत नाहींत. आणि दोन कॅमेऱ्यांनीं टिपलेल्या एकाच लग्नाचें एवढें चित्रण सहज होतें. तथापि येथें घाबरण्याचें कारण नाहीं. एसएसडीला दुसरी खांच आहे काय तें पाहावें, आणि पुरें झालेलें काम बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावें. तेंहि एकाच डिस्कवर नव्हे, दोहोंवर. दुसऱ्याचें मंगलकार्य आपल्या हातून नाहींसें झालें तर तें पुन्हां टिपतां येत नाहीं.

नांवांनीं भुलूं नये हें सांगणें अवश्य आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नांवाअखेर 'यू' असेल तर तो वीज वांचविणारा, 'एच' असेल तर अधिक कामाचा. आमचा 'आय फाइव्ह' अर्थातच 'यू' निघाला. ग्राफिक्स कार्डांचेंहि तसेंच. एनव्हीडियाचें आरटीएक्स ४०५० हें लॅपटॉपांतील कार्ड यंत्रागणिक ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत कोणत्याहि मर्यादेंत बसविलेलें असूं शकतें. नांव एक, बळ निराळें! म्हणून कार्डाचें नांव विचारून थांबूं नये, वॅटहि विचारावे. शिवाय असें यंत्र चार्जर जोडलेला असतांनाच पुऱ्या ताकदीनें चालतें, आणि काम करतांना तापतें. गादीवर ठेवून त्याच्या हवेच्या वाटा बुजविल्या तर तें आपोआप मंद होतें.

ज्यांना यंत्र रोज बरोबर न्यावयाचें नाहीं त्यांनीं लॅपटॉपाचा हट्टच कां धरावा, असेंहि आम्हांला वाटतें. तेवढ्याच पैशांत घरीं ठेवण्याचा संगणक अधिक बळाचा मिळतो, आणि त्याचे बहुतेक भाग एकेक करून पुढें बदलतां येतात. वसतिगृहांत राहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

सॉफ्टवेअरच्या खर्चाचा विचारहि याच वेळीं करावा. कांहीं नामांकित सॉफ्टवेअरचें भाडें दरमहा किंवा दरसाल भरावें लागतें; तें चोरून वापरणें हा मार्ग आपल्या मुलांना आपण दाखवूं नये. क्रिटा, इंकस्केप, गिंप आणि ब्लेंडर हीं मोफत आहेत. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीहि फोर-के चित्रफीत तयार करून देते. शिकणाऱ्याला एवढें पुष्कळ झालें. भाड्याचे वांचलेले पैसे रॅमला किंवा पडद्याला उपयोगीं पडतात. लॅपटॉपची किंमत विचारतांना १८ टक्के जीएसटी धरून विचारावी, पावती नीट घ्यावी, आणि दुरुस्तीची सोय गांवांतच आहे कीं यंत्र दूर पाठवावें लागतें, तेंहि विचारावें. परीक्षेच्या आधल्या आठवड्यांत या प्रश्नाचें मोल कळतें.

हातीं असलेलें यंत्र दुबळें असेल तर काय करावें? आमच्या मुलीनें जें केलें तें सांगतों. श्रौतकर्मांत मूळ द्रव्य मिळालें नाहीं तर त्याच्या जागीं प्रतिनिधि-द्रव्य घेण्याची सोय आहे. संकलनांतहि तशीच एक युक्ति आहे. तिला प्रॉक्सी म्हणतात. मोठ्या चित्रफितीची लहान व हलकी नक्कल करून तिच्यावर सारी काटछाट करावयाची, आणि अखेरची प्रत काढतांना मूळ फीत पुन्हां जागेवर येते. या रीतीनें तिनें त्याच आठ जीबींवर दोन वर्षें काढलीं. शिकवण्यांच्या पैशांतून छपाईचें देणें फिटल्यावर रंगाला खरा असा मॉनिटर तिनें घेतला. हल्लीं ती एका छापखान्यांत काम करते, आणि नमुनाप्रत पाहिल्यावांचून एकहि काम पुढें जाऊं देत नाहीं.

हें सारें ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "मग मीं करावें काय?" आम्हीं म्हटलें, "पुढल्या रविवारीं चिरंजीवांना घेऊन या." रविवारीं दोघे आले. मुलाला आम्हीं एवढेंच विचारलें, कीं तुला पुढल्या दोन वर्षांत काय काय करावयाचें आहे तें या कागदावर लिही. त्यानें लिहिलें: पुस्तकांचीं मुखपृष्ठें, जाहिराती, आणि वर्षाकाठीं एखादा लघुपट. वडील तो कागद बराच वेळ पाहत राहिले. सहा दुकानें पालथीं घालणाऱ्या त्या गृहस्थांनीं हा प्रश्न घरांत कोणाला विचारलेलाच नव्हता. मग मुलानें स्वतःच जाहिरातपत्रें हातीं घेतलीं. फिक्या पडद्याचीं तीन त्यानें बाजूला काढलीं, डाखलेल्या आठ जीबींचें एक काढलें, आणि दोन उरलीं. त्या दोहोंतून कोणतें घ्यावें हें ठरविण्यास आमची गरज राहिली नव्हती.

जातांना वडिलांनीं नमस्कार केला व म्हणाले, "गुरुजी, आपण शेवटपर्यंत नांव सांगितलेंच नाहीं!" आम्हीं म्हटलें, "एकदां सांगितलें होतें."