कुंपणातील ग्रंथबाजार

जुन्या पुस्तकांच्या बाजाराविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. नागरी शिस्तीच्या कैवाऱ्यांना तो रहदारीतील अडथळा वाटतो, तर ग्रंथप्रेमींना दुर्मिळ आवृत्त्यांचा खजिना. पहिला पक्ष तो उठवतो, दुसरा त्याच्यासाठी हळहळतो. या बाजाराचे खरे कार्य मात्र दोघांनाही उमगलेले नाही.

दिल्लीच्या दर्यागंजमधील रविवारच्या बाजाराचे उदाहरण घ्यावे. सुमारे पाच दशके नेताजी सुभाष मार्गाच्या पदपथावर भरणारा हा बाजार, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, रहदारीच्या कारणास्तव जुलै २०१९ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो असफ अली मार्गावरील महिला हाटच्या आवारात नेण्यात आला. विक्रेत्यांना जागा मिळाली, रस्ता मोकळा झाला. मग तक्रार कसली, असा प्रश्न यावर केला जातो.

तक्रार आहे ती तुटलेल्या शेजाराची. पदपथावर पुस्तकांच्या ढिगांजवळच कपडे आणि संसारोपयोगी वस्तू विकल्या जात. थंडीच्या तोंडावर मुलांसाठी स्वस्त स्वेटर शोधावयास आलेले कुटुंब पुस्तकांसाठी घराबाहेर पडलेले नसे. आईची घासाघीस चालू असता मुलगी शेजारच्या ढिगातून एखादा शब्दकोश उचली, आणि भाव उतरवून वाचलेल्या पैशांत तो घरी जाई. पुस्तकांच्या दुकानाची पायरी असे कुटुंब सहसा चढत नाही. कुंपणातल्या बाजारात पुस्तकासाठी निघालेला माणूसच जातो. म्हणजे जो आधीच वाचक आहे, तोच. स्थलांतराने पुस्तके वाचली, पण भावी वाचक गमावला.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ग्रंथाच्या बाजूने बोलते आणि ग्रंथालाही वाचक लाभण्याचा हक्क देते. कपाटांची कुलुपे काढून वाचकाला ग्रंथांमध्ये मोकळे हिंडू देण्याचा आग्रह त्यातूनच आला. पदपथावरचा ढीग हे त्याच मुक्तप्रवेशाचे रस्त्यावरील रूप होते. कपाटे उघडणाऱ्या परंपरेच्या वारसांनी बाजाराला कुंपण पडताना स्वस्थ बसावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

या बाजारात नकली आवृत्त्याही विकल्या जातात, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे लेखकाचे नुकसान होते आणि त्याला आळा घातलाच पाहिजे. परंतु नकली प्रत आणि जुनी प्रत एक नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकदा विकली गेलेली ग्रंथाची प्रत प्रसारात आलेली मानली जाते. तिची पुनर्विक्री हा गुन्हा नाही. चोरांच्या निमित्ताने सावांनाही उठविणे हा न्याय नव्हे.

रहदारीचा प्रश्नही खोटा नाही. तथापि पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने, ग्राहक व विक्रेते परंपरेने जेथे जमतात अशा नैसर्गिक बाजारांची संकल्पना मान्य केली आहे. असा बाजार एका जागी का रुजतो, याचा विचार केल्यावाचून तो उचलून दुसरीकडे ठेवणे म्हणजे झाड उपटून फुलदाणीत खोचणे होय. आठवड्यातील एका दिवशी पदपथ माणसांना आणि पुस्तकांना द्यावा की नाही, हा केवळ वाहतुकीचा प्रश्न नसून शहर कोणासाठी आहे याचा प्रश्न आहे.

विक्रेते आपल्या पोटासाठी झगडले. ते त्यांचे काम होते. वाचनाची बाजू मांडण्याचे दायित्व ग्रंथालये, विद्यापीठे आणि साहित्यसंस्था यांचे आहे. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरविण्याआधी या संस्थांनी आपले बाद केलेले ग्रंथ लगद्याच्या कारखान्याऐवजी आठवडी बाजारात, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या शेजारी पोहोचतील अशी व्यवस्था करावी, आणि नगरनियोजनात त्या शेजारासाठी जागा मागावी. वाचक घडतात ते अशा ठिकाणी. सभागृहात ते केवळ मोजले जातात.