समुद्र कुत्र्याच्या घड्याळाने

लाँग वीकएंड आला की पुण्या-मुंबईच्या आयटी पब्लिकला कोकण आठवतं. प्लॅन सगळ्यांचा एकच. पहाटे निघायचं (म्हणजे साडेसातला!), घाटात चहा-वडापाव, बारा-साडेबाराला चेक-इन, मग सुरमईची थाळी आणि दोन-अडीचला थेट समुद्रावर. हल्ली गाडीत मागच्या सीटवर कुत्राही असतो. होमस्टेवाल्याने 'पेट फ्रेंडली' म्हटलं की आपल्याला वाटतं प्रश्न मिटला.

माझं मत जरा कडू आहे. हेच टाइमटेबल ठेवायचं असेल तर कुत्र्याला घरी ठेवा. न्यायचंच असेल तर टाइमटेबल त्याचं लावा.

कारण साधं आहे. आपल्याला घाम येतो, कुत्र्याला जवळपास येतच नाही. येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळं कूलिंग धापा टाकून, जीभ बाहेर काढून. कोकणातल्या दमट हवेत हे कूलिंग फारसं चालत नाही, कारण जिभेवरचं पाणी उडायला हवा कोरडी लागते. पग, बुलडॉग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. त्यांचा फॅनच मुळात छोटा. त्यात वाळू. अलिबागची काळसर वाळू दुपारी तव्यासारखी तापते, आणि आपण चपला घालून "चल ना रे, काय झालं?" म्हणत त्याला ओढत असतो. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद वाळूवर टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाहीये.

आणि तो बोलणार नाही. खरी गोम इथे आहे. तुम्ही बॉल फेकलात की तो पळणार, दहाव्यांदाही पळणार. तुम्हाला खूश करण्याच्या नादात स्वतःचं इंजिन जाळून घेणारा प्राणी आहे तो. त्यामुळे थांबायचं कधी हे आपणच ठरवायचं.

मग जायचं कधी? उजाडताना, किंवा सूर्य कलल्यावर वाळू निवली की. त्यातही भरती-ओहोटी बघून. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी पाच-सहाच्या सुमाराला ओहोटी आणि मैलभर ओली, घट्ट, गार वाळू. कुत्र्यासाठी याहून चांगलं मैदान नाही. मात्र त्याच दिवसांत उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त असते. सगळे कुत्रे पोहतात हा गैरसमज आहे. गुडघाभर पाण्याच्या पुढे नको.

पाणी घरचं न्या, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो. थोडं प्यायला तर जुलाब-उलट्या. जास्त प्यायला तर मीठ डोक्यात चढून झटकेही येऊ शकतात. वाळूत लोळलेला ओला बॉल पुन्हापुन्हा तोंडात धरला की पोटात वाळू जाते, आणि बरीच गेली तर आतडं अडतं.

आता दोरी. "आमचा मोती कुणाला काही करत नाही हो!" मान्य. पण मोती किनाऱ्यावरचा मेलेला केंड मासा खातो, त्याचं काय? त्यातल्या विषावर उतारा नाही. पावसाळ्यात ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर कित्येक जणांना त्या डसल्या होत्या, आणि त्या वाळूवर मरून पडल्या तरी डसतात. जाळ्यांचे तुकडे, गळ, बाटल्यांच्या काचा आहेतच. शिवाय घोडागाड्या आणि एटीव्ही. आणि गावातले कुत्रे, ज्यांच्या हद्दीत आपला शहरी पाहुणा विचारल्याशिवाय शिरलाय. लांब दोरी असली की यातलं बरंचसं टळतं.

दोरी दुसऱ्यांसाठीही आहे. वेळास, आंजर्ले या भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने २००२पासून ही घरटी जपायला सुरुवात केली. कुत्रा घरटं उकरतो ते त्याच्या स्वभावानेच. त्याला दोष नाही, पण एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. तिथे हंगामात कुत्रा नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याची शी उचलायची पिशवी खिशात हवीच. त्याच वाळूत पोरं किल्ले करतात.

इतकं करूनही धाप थांबेना, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल अडखळती असं दिसलं, तर 'थोडा बसू दे, होईल बरा' म्हणत वाट बघू नका. सावलीत न्या, अंगावर, पोटावर, पंजांवर गार पाणी ओता, वारा घाला, आणि मग एसी लावून डॉक्टरकडे. आधी गार करणं, मग गाडी. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडते. रविवारी दुपारी कोकणात कुत्र्यांचा डॉक्टर शोधणं सोपं नाही, म्हणून सर्वात जवळचा कुठे आहे तो फोन निघण्याआधीच करून ठेवा. आपण हॉटेलचे रिव्ह्यू तासभर वाचतो, हा फोन पाच मिनिटांचा आहे.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर मजा कुठे उरली? उरते की! सहा ते आठ, दोन तास, गार वाळू, रिकामा किनारा. मग गोड्या पाण्याने आंघोळ, कान कोरडे, आणि पंख्याखाली दिवसभर घोरणं. तुमची सुरमई त्यानंतरही मिळतेच :)