सेवेची दोन वर्षे आणि राखलेली जागा

महाविद्यालयीन प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: जागा मिळाली की हुकली? अशा वेळी, हाती आलेली जागा बाजूस ठेवून मुलाने आधी दोन वर्षे लष्करी गणवेश चढवावा, अशी सक्ती करणाऱ्या सिंगापूरची व्यवस्था आमच्या वाचकांस कदाचित दूरची वाटेल. परंतु नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे गेलेल्या आणि कायम वास्तव्याचा परवाना घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या दाराशी हा प्रश्न मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होताच येऊन उभा राहतो.

1965 मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्यापाशी पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या. 1967 पासून तेथे तरुणांस लष्करी सेवा सक्तीची झाली. अडीच वर्षांची मुदत 2004 मध्ये दोन वर्षांवर आली. शालान्तोत्तर शिक्षण वा पदविका पुरी करण्यापुरती सवलत मिळते. विद्यापीठीय पदवीसाठी ती सहसा मिळत नाही. आपल्या कौशल्याच्या बळावर कायम वास्तव्याचा परवाना मिळविणाऱ्या पित्यास ही सेवा माफ आहे. पण त्याच्या आधारे परवाना मिळालेल्या पुत्रास ती माफ नाही.

अठराव्या वर्षी, बुद्धी सर्वांत तल्लख असताना, पुस्तके मिटून कवायत करावयास लावणे हा अपव्यय होय, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ही सक्ती मुलींवर नाही. त्यामुळे बरोबरीच्या मुली दोन इयत्ता पुढे जातात. गणिताचा सराव तुटतो, वाचनाची सवय सुटते. हे नुकसान खरे आहे. प्रश्न एवढाच की, ते सर्वांवर सारखे पडते काय, आणि शासन त्याची भरपाई करते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जोसेफ स्कूलिंग या जलतरणपटूच्या उदाहरणात सापडते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने सिंगापूरला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. खेळासाठी त्यास मुदतवाढ मिळाली, माफी नव्हे. 2022 मध्ये तोही सेवेत दाखल झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांनी दिले आहे. तेथील राष्ट्रीय विद्यापीठ मुलास सेवेपूर्वीच प्रवेश देते आणि सेवा संपेपर्यंत त्याची जागा राखून ठेवते. आमच्या मते या व्यवस्थेचे मर्म येथेच आहे. राष्ट्र तरुणापाशी दोन वर्षे मागते आणि परतल्यावर त्याची जागा त्यास मिळेल, असे वचन देते. या वचनावाचून सक्ती म्हणजे निव्वळ जुलूम ठरेल.

म्हणूनच ज्या पालकांनी त्या देशाच्या शाळा, घरे आणि सुरक्षितता यांचा वर्षानुवर्षे लाभ घेतला, त्यांनी ऐन वेळी परवाना परत करून मुलास सेवेपासून दूर नेण्याच्या वाटा शोधाव्यात, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. त्या मार्गाने गेलेल्या मुलास पुढे तेथे शिक्षण वा नोकरी मिळविणे अवघड होते, हा व्यवहार झाला; घेतलेले ऋण फेडावे, ही नीती झाली. परवाना घेण्यापूर्वीच पित्याने पुत्राच्या अठराव्या वर्षाचा विचार करावयास हवा.

आपल्याकडेही अशा सक्तीची मागणी अधूनमधून उठते. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर 1963 मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली होती. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. आज या देशात दरवर्षी एक कोटीहून अधिक मुलगे अठरा वर्षांचे होतात. एवढ्यांस शिकविणारे सैन्य कोठून आणावयाचे, याचा हिशेब मागणी करणारे देत नाहीत. लहानशा बेटाची गरज ही खंडप्राय देशाची गरज नव्हे.

मात्र जागा राखण्याचा धडा आपण अवश्य घ्यावा. आपल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते धरले जातात. 2022 मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार चार वर्षांसाठी स्वेच्छेने अग्निवीर होणाऱ्या तरुणास परतल्यावर त्या वाटेने जावयाचे असेल, तर परीक्षेपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. सक्तीने गेलेल्या तरुणाची जागा सिंगापूर राखते. मग आपण होऊन गेलेल्याची जागा आपण का राखू नये? सेवेस जाणाऱ्या विद्यार्थ्याचा मिळालेला प्रवेश परत येईपर्यंत अबाधित राहील, असा नियम केंद्र शासनाने आणि विद्यापीठांनी विनाविलंब करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तरुणांस देशसेवेची महती सांगणाऱ्यांनी आधी त्यांच्यासाठी वर्गातील एक बाक मोकळा ठेवावा.