चुलीचे मजले

चुलीला मजले असतात असे आपल्या आज्यांना कुणी सांगितले असते, तर त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतले असते. पण खरे पाहू गेल्यास ही विद्या त्यांचीच. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली निखारे असत आणि झाकणावरही निखारे असत. खालची आच निराळी, वरची निराळी. एवढे ध्यानात ठेवलेत म्हणजे यंदाचा विषय सोपा जाईल.

विषय आहे अमेरिकेतल्या अंगणात बसलेल्या कोळशाच्या चुलीचा. माझा मुलगा अटलांटाजवळ राहतो. गेली दिवाळी मी त्याच्याकडे केली. त्याच्या परसात हिरव्या रंगाची, अंड्याच्या घाटाची एक बोजड चूल आहे. तिचे घराणे जपानी. भात शिजवण्याची झाकणाची मातीची चूल दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी आपल्या देशी नेली. ‘कामादो’ या जपानी शब्दाचा अर्थच मुळी चूल. १९७४ साली एड फिशर नावाच्या गृहस्थाने अटलांटा शहरात या चुली विकायला सुरुवात केली. पुढे मातीच्या जागी टिकाऊ सिरॅमिक आले आणि ‘बिग ग्रीन एग’ हे नाव सर्वतोमुखी झाले. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. खाली एक झडप, वर एक झडप. हवा कमीजास्त केली की आच हुकमात. आपल्या तंदूरची ही झाकणवाली चुलत बहीणच म्हणा ना!

या चुलीच्या ‘लार्ज’ आकारातली जाळी व्यासाने सव्वाअठरा इंच. चार माणसांना पुरे, दहा आली की अपुरी. म्हणून तिच्यात जाळीवर जाळी चढवण्याचे सांगाडे मिळतात. आमच्या घरी मात्र मजले हवे होते ते निराळ्या कारणासाठी.

सुनेच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, लेकीकडेच राहतात. त्या माळकरी. शनिवारी परसात कोंबडी भाजली जाई, शेजारीपाजारी जमत, हसणेखिदळणे चाले; आणि विहीणबाई आपल्या खोलीत दहीपोह्यांची वाटी घेऊन बसत. त्यांना कुणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. पण त्यांनी यावे असे त्या चुलीवर काही शिजतही नव्हते. मुलाच्या जिवाला ते लागून राहिले होते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर आम्ही सगळेच दुकानात गेलो.

दुकानातला तरुण मोठा हुशार. म्हणाला, “वरचा मजला शाकाहारी ठेवा, खालचा मांसाहारी. रस खाली गळतो, वरच्या भाजीला काही होत नाही.”

सुनेने हे मराठीत सांगितल्यावर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “रस खाली गळतो हे खरं, बाई. पण धूर वर जातो ना?”

भगिनींनो, या एका वाक्याने आमची खरेदी ठरली. एकाच वेळी दोन मजल्यांवर दोन्ही प्रकार शिजवणे हा तोडगा माळकऱ्याच्या कामाचा नव्हे. तेव्हा एकसंध जोडलेला तिमजली सांगाडा आम्ही बाजूला ठेवला आणि सुट्या अर्धचंद्र जाळ्यांचा संच घेतला. त्यातल्या दोन जाळ्या विहीणबाईंच्या. त्या घासायच्या वेगळ्या आणि ठेवायच्याही वेगळ्या, कापडी पिशवीत.

पाडव्याच्या आदल्या रात्री रिकामी चूल कडक तापवून आतला जुना तेलकटपणा जाळून टाकला. मग दोन्ही झडपा बंद केल्या. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी चालतो. ही या चुलीची मोठीच काटकसर. पाडव्याला पहिला मान विहीणबाईंचा. अर्ध्या भागात निखाऱ्यांवर सिरॅमिकची जाड थाळी ठेवली, अर्धा भाग उघडा. उघड्या बाजूला, खालच्या जाळीवर, भरताची वांगी. निखारा जवळ, त्यामुळे साल करपून गर मऊ झाला. थाळीच्या बाजूला, वरच्या जाळीवर, रताळी. तिथे थेट जाळ नाही. तापलेल्या घुमटाची आच वरून उतरते, भट्टीसारखी. धोंडसाच्या झाकणावरचे निखारे ते हेच! त्यांचे जेवण निघाल्यावर जाळ्या बदलल्या आणि मग कोंबडी चढली. भिंती तापलेल्याच होत्या. थोडा कोळसा घातला, काम भागले.

त्या दिवशी विहीणबाई परसातल्या खुर्चीवर बसून जेवल्या. “वांग्याला शेगडीची चव आली हो,” म्हणाल्या, आणि भरताचे भांडे स्वतः शेजाऱ्यांपुढे नेले.

परदेशातल्या लेकीसुनांनी खरेदीला जाताना आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, उंची. पुठ्ठ्याची चकती कापून वरच्या मजल्याच्या जागी धरा आणि झाकण लावून पाहा. घुमटातल्या तापमापकाची सळई आत आलेली असते. उंच मजल्यावरच्या पदार्थात ती खुपसते आणि मग हवेऐवजी पदार्थाचेच तापमान दाखवते. दुसरी, जाळीभोवती मोकळी जागा. कडेपर्यंत जाळी भरली की गरम हवा वर चढत नाही. तिसरी, धातू. ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील उत्तम. बिडाची जाळी डाग छान देते, पण तेलपाणी मागते. जस्ताचा मुलामा दिलेली तार तर नकोच. कडक आचेत जस्ताची विषारी वाफ सुटते. चौथी, मांसाहारी घरांसाठी. कच्ची कोंबडी नेहमी तळमजल्यावर, कारण तिचा रस दुसऱ्या पदार्थावर गळता कामा नये. आणि आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय ती उतरवू नका.

मजले किती घ्यावेत हे दुकानदाराला विचारू नये. आपल्या पंगतीला कोण कोण बसते ते आधी मोजावे. मग दोन सुट्या जाळ्याही पुष्कळ होतात. आणि हो, जाळी घासायला तारांचा ब्रश वापरू नका. त्याची तुटकी तार घासात येते. लाकडी उलथने पुरते.