भीड भिकेची बहीण

पंचतारांकित हॉटेलात स्वस्तात राहायला मिळालं म्हणून उपकृत होणाऱ्या माणसांची मला चीड येते. बड्या हॉटेलाने सवलत दिली म्हणजे मेहेरबानी केली नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, आजचं उत्पन्न आजच बुडतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातली (बीकेसी) हॉटेलं कंपन्यांच्या कामाने येणाऱ्यांवर चालतात. शनिवार-रविवारी ती गर्दी ओसरते, म्हणून दर उतरतात. लग्नसराईत तीच हॉटेलं दर चढवतात आणि कोणाचीही गय करत नाहीत. हा रोकडा व्यवहार आहे. मग तिथे हिशेब विचारायला लाज कसली?

हॉटेलांना मात्र हिशेब उघड करायचा नसतो. मोबाइलवर ठळक अक्षरांत एक आकडा, पैसे भरताना दुसरा आणि निघताना बिलावर तिसरा. कराचंच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के, तोही संपूर्ण भाड्यावर. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला. भाड्यात फरक १०० रुपयांचा, खिशाला फटका १,०९३ रुपयांचा. काटकसरीने राहणाऱ्याला करासह एकूण आकडा सगळ्यात आधी कळायला हवा. तो बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर टाकतात.

‘कर सरकारचा, आमचा काय दोष?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सर्व करांसहित किंमत छापावी लागते. बिस्किटवाल्याला जमतं ते संगमरवरी लॉबीवाल्याला का जमू नये?

खोलीत शिरल्यावरही वसुली थांबत नाही. बाटलीबंद पाण्याला हॉटेलं छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावू शकतात, तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच दिली आहे. गोव्यात ३१ डिसेंबरला अनेक मोठी हॉटेलं गाला डिनरचे पैसे सक्तीने घेतात, मग तुम्ही जेवा किंवा उपाशी झोपा. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तरीही मला एका हॉटेलाच्या रेस्टॉरंटमध्ये सेवाशुल्क बिलात लावलेलं दिसलं. काढायला सांगितल्यावर निमूटपणे काढलं. याचा अर्थ एवढाच, की न विचारणाऱ्यांकडून ते रोज उकळलं जातं.

नियम नाहीत असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने ग्राहकाला फसवण्याच्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांवर बंदी घातली. किंमत टप्प्याटप्प्याने उलगडणं त्यात आहे, ‘फक्त एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई लावणंही आहे. अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीच्या शुल्कांसह एकूण दर ठळकपणे दाखवावा लागतो. आपल्याकडे कागद आहे, धाक नाही.

आणि धाक नाही याला आपणही जबाबदार आहोत. भाजीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा मध्यमवर्गीय झुंबराखाली उभा राहिला की मुका होतो. पैसे विचारले तर आपण इथल्या लायकीचे नाही असं वाटेल, ही त्याची भीती. हॉटेलांचा धंदा या भिडेवर फुगतो.

म्हणून मी आरक्षणाआधी हॉटेलला लेखी विचारतो: करांसह एकूण किती, अनामत किती आणि कधी परत, नाश्ता धरलाय का, आणि तो वगळला तर दर किती कमी. उत्तरात टाळाटाळ दिसली की दुसरं हॉटेल बघतो. नाश्ता बाहेर करतो, पाण्याची बाटली सोबत नेतो आणि बिल ओळीओळीने वाचून मगच कार्ड काढतो. यात कसलाही कमीपणा नाही.

पण ग्राहकाने सावध राहावं, एवढ्यावर हे सोडून चालणार नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, करांसह एकच अंतिम रक्कम दाखवणं हॉटेलांना आणि बुकिंग कंपन्यांना सक्तीचं करा आणि मोडणाऱ्याला दंड ठोका. तोवर बिलात एक रुपया जरी चोरून लावलेला दिसला, तर तिथेच काउंटरवर, चारचौघांत जाब विचारा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. लाज वाटायचीच असेल, तर ती लपवून वसुली करणाऱ्याला वाटू द्या.