जन्म सुरतेचा, दाखला खानदेशचा

विद्यापीठात विज्ञान विभागांचा आढावा निघाला की अनुसूचित जाती किती, जमाती किती, मुली किती, असे तक्ते भरले जातात. लिंबायत-उधन्यातल्या आपल्या दलित-आदिवासी मुलांना त्या तक्त्यात रकानाच नाही. वडील लूम्सवर, जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची. पण आजोबा १९५० नंतर जळगाव-धुळ्याहून आले, म्हणून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात ही मुले खुल्या गटात मोजली जातात.

या नियमावर शिक्कामोर्तब झाले ते मुंबईच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाविरुद्धच्या खटल्यात. आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे आलेला आदिवासी विद्यार्थी न्यायालयात गेला होता. स्थलांतरिताला राज्याच्या सवलती मूळ राज्यातच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले. तेव्हा महाराष्ट्रात कोणाला त्याचे वाईट वाटले? आज तीच सुई आपल्याला टोचते आहे.

याच शहरात इच्छानाथची एसव्हीएनआयटी मात्र केंद्राची. वडिलांच्या मूळ दाखल्याच्या आधारे तिथे राखीव जागेवर हक्क सांगता येतो. पदार्थविज्ञान, रसायन, गणिताचे पाच वर्षांचे अभ्यासक्रमही आहेत. हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

विद्यापीठाने या मुलांची निदान वेगळी मोजणी करावी, ही आमची मागणी आहे. मराठी मते मागायला येणाऱ्यांनी ती विधानसभेत मांडावी. आणि ज्यांचे कुटुंब १९५० पूर्वीच सुरतेत आले, त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला, घरवेऱ्याच्या जुन्या पावत्या बारावीच्या निकालाची वाट न पाहता आताच शोधून ठेवाव्यात.